ब्रिटनच्या एलिट आइस हॉकी लीगमध्ये परदेशी खेळाडू: करारानंतरची कागदपत्रं

उन्हाळ्यात नॉटिंगहॅम पँथर्स किंवा बेलफास्ट जायंट्स एखाद्या कॅनेडियन फॉरवर्डचं नाव जाहीर करतात आणि चाहत्यांना वाटतं, झालं काम. प्रत्यक्षात त्या सहीनं खेळाडूला फक्त नोकरी मिळालेली असते. सप्टेंबरात बर्फावर उतरायला आणखी तीन मंजुऱ्या लागतात. त्या तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात आणि एक मिळाली म्हणून दुसरी मिळतेच असं नाही.

पहिली खेळाची. एका देशाच्या संघटनेकडे नोंदलेला खेळाडू दुसऱ्या देशात खेळणार असेल तर आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचं ट्रान्सफर कार्ड लागतं. जुन्या देशाच्या संघटनेची संमती यातच येते, त्यामुळे तिकडे बंदी किंवा करार शिल्लक असेल तर गाडी इथेच अडते. कार्ड ‘लिमिटेड’ घ्यायचं की ‘अनलिमिटेड’, हे आधी ठरवावं: पहिल्याची मुदत संपते आणि खेळाडू पुन्हा जुन्या संघटनेकडे जातो, दुसऱ्याला मुदत नसते. पासपोर्टचा या कार्डाशी संबंध नाही. कॅनडात वाढलेल्या खेळाडूकडे आईकडून आलेला ब्रिटिश पासपोर्ट असला तर व्हिसा वाचतो, कार्ड वाचत नाही.

दुसरी मंजुरी म्हणजे गव्हर्निंग बॉडी एन्डॉर्समेंट, खेळाच्या संघटनेचं शिफारसपत्र. आइस हॉकीची ब्रिटनमधली मान्यताप्राप्त संघटना ती देते. खेळाडू आंतरराष्ट्रीय दर्जाचा आहे आणि/किंवा त्याच्या येण्यानं तिथल्या खेळात मोलाची भर पडेल, एवढं तिला पटावं लागतं. इथे कामाला येते ती कारकीर्द: कोणत्या लीगमध्ये, किती हंगाम, किती सामने. हा अर्ज क्लब करतो, पण आकडे खेळाडूनं स्वतः तपासून घ्यावेत.

तिसरा व्हिसा. ऑक्टोबर २०२१ पासून त्याचं नाव ‘इंटरनॅशनल स्पोर्ट्सपर्सन’. त्यासाठी क्लबकडे ब्रिटिश गृहखात्याचा स्पॉन्सर परवाना, म्हणजे परदेशी माणसाला कामावर आणण्याची परवानगी, हवा. क्लब खेळाडूला सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप देतो. नाव सर्टिफिकेट असलं तरी हातात पडतो तो एक क्रमांक. तो मिळाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज करावा लागतो आणि काम सुरू होण्याच्या तारखेआधी तीन महिन्यांपेक्षा लवकर अर्ज करता येत नाही. देशाबाहेरून केलेल्या अर्जाचा निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो. म्हणजे जुलै हा निवांत बसण्याचा महिना नव्हे.

सोबत पासपोर्ट, एन्डॉर्समेंट आणि खात्यात सलग २८ दिवस १,२७० पौंड असल्याचा पुरावा लागतो. खर्चाची हमी क्लबनं सर्टिफिकेटवर दिली तर बँकेचा पुरावा लागत नाही. वय किमान १६. इंग्रजीची अट फक्त बारा महिन्यांहून जास्त मुक्कामाला आहे; हंगाम सप्टेंबर ते एप्रिल असल्यानं एका हंगामासाठी येणाऱ्या झेक किंवा स्लोव्हाक खेळाडूला परीक्षेची गरज पडत नाही. सहा महिन्यांहून जास्त राहायचं तर आरोग्य अधिभारही (तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठीचं शुल्क) भरावा लागतो, वर्षाला १,०३५ पौंड. तो कोण भरणार हे करारात लिहून घ्यावं, नंतर वाद नको.

भारतात राहणाऱ्याला सहा महिन्यांहून जास्त मुक्कामासाठी क्षयरोग चाचणीचा दाखलाही लागतो. आपली राष्ट्रीय संघटना १९८९ पासून महासंघाची सदस्य आहे, त्यामुळे लडाखच्या एखाद्या पोरानं उद्या अशी मजल मारली तर ट्रान्सफरचा कागद तिच्याकडूनच जाईल.

यात हमखास होणारी चूक अमेरिकन आणि कॅनेडियन खेळाडूंची. पर्यटक म्हणून त्यांना व्हिसा लागत नाही, म्हणून ‘आधी जाऊ, तिथे बघू’ असा विचार होतो. पर्यटक म्हणून गेलेल्याला क्लबसाठी खेळता येत नाही आणि तिथे बसून हा व्हिसाही घेता येत नाही. परत जावं लागतं. युरोपीय संघाच्या नागरिकांनाही २०२१ पासून हेच लागू आहे. आयर्लंडचे नागरिक तेवढे मोकळे.

संघात परदेशी किती, ही लीगची मर्यादा वेगळी आहे आणि ती बदलत असते, म्हणून त्या हंगामाचा नियम क्लबकडून विचारून घ्यावा. किटबॅगेत मानेचा गार्ड हवाच: ऑक्टोबर २०२३ मध्ये शेफिल्डच्या सामन्यात पँथर्सचा अमेरिकन खेळाडू अ‍ॅडम जॉन्सन स्केटच्या पात्यानं मान कापली जाऊन मरण पावला, त्यानंतर जानेवारी २०२४ पासून लीगनं तो सक्तीचा केला.

हंगामाच्या मध्ये क्लब बदलला तर जुना व्हिसा नव्या क्लबला चालत नाही. नव्या क्लबचं सर्टिफिकेट, नवी एन्डॉर्समेंट, नवा अर्ज, सगळं पुन्हा.