रस थांबत नाही, मळी थांबते

रम चाखायला लोक बसले की मी पहिले दोन ग्लास बिनरंगी रमचे मांडतो आणि बाटल्या लपवतो. दोन्ही पाण्यासारख्या नितळ. एक कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावरची, दुसरी जमैकाची. पहिल्या ग्लासाला नाक लावलं की सांगली-कोल्हापूरकडचा माणूस दचकतोच. सोललेलं कांडं, ओली चिपाडं, रसवंतीच्या चरकाखालचा तो हिरवट वास. दुसऱ्याला वास अति पिकलेल्या केळ्याचा, अननसाचा आणि मागून चक्क वॉर्निशचा. मग कुणीतरी विचारतंच, "यातली खरी रम कुठली?"

दोन्ही. पहिली उसाच्या ताज्या रसाची, दुसरी मळीची, म्हणजे साखर काढून उरलेल्या काळ्या दाट पाकाची.

आधी एक गैरसमज. मळी काळी, म्हणून काळी रम मळीची आणि पांढरी रम रसाची, असं पुष्कळांना वाटतं. पण भट्टीतून वाफ होऊन उतरणारी दारू बिनरंगीच असते, मग आत काय आंबवलं होतं ते काहीही असो. रंग येतो लाकडी पिंपातून, नाहीतर वरून घातलेल्या जळक्या साखरेतून. त्यामुळे रंगावरून रम ओळखायला जाऊ नका, फसाल.

खरा फरक घड्याळाचा आहे. ऊस तोडून फडात दोन दिवस पडला तर काय होतं ते शेतकऱ्याला सांगायला नको. वजन घटतं, साखरेचा उतारा पडतो. रसाचं तर तासांवर येतं, आंबायला लागलाच म्हणून समजा. म्हणून रसाची रम करणारी भट्टी उसाच्या फडाला लागूनच हवी आणि ती तोडणीच्या हंगामातच चालणार. मार्टिनिकमध्ये हा हंगाम साधारण फेब्रुवारीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत असतो. बाकीचे महिने भट्टी थंड.

मळीला कसलीच घाई नाही. ती इतकी दाट असते, की पाणी घालून पातळ केल्याशिवाय यीस्टचं तिच्यात काही चालत नाही. टाकीत महिनोन्‌महिने राहते, पिंपात भरून समुद्रापार जाते. अठराव्या शतकात उत्तर अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींपैकी न्यू इंग्लंड भागात, जिथे उसाचं कांडंही उगवत नाही तिथे, रमच्या भट्ट्या धडाक्यात चालल्या त्या याच जोरावर. मळी बऱ्याचदा मार्टिनिकसारख्या फ्रेंच बेटांवरून यायची आणि स्वस्त मिळायची, कारण ब्रँडीवाल्यांच्या भल्यासाठी फ्रान्स वसाहतींची रम आपल्या बाजारात शिरू देत नव्हता. ब्रिटनने 1733 मध्ये परक्या मळीवर गॅलनमागे सहा पेन्स कर बसवला. व्यापाऱ्यांनी कर भरण्याऐवजी चोरटी आयात पत्करली.

या सगळ्याच्या मुळाशी साखर होती आणि साखरेच्या मुळाशी गुलामी. सतराव्या शतकात बार्बाडोसच्या मळ्यांवर आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं ऊस तोडत, रस उकळत. साखर काढून उरलेल्या मळीची दारू झाली. तीच दारू पुढे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं विकत घ्यायला वापरली गेली. चाखताना हे सांगितलं की टेबलावर थोडा वेळ शांतता पसरते. पसरू द्यावी.

मग रसाची रम आली कुठून? फ्रेंच बेटांवरही आधी मळीचीच रम होत असे. एकोणिसाव्या शतकात युरोपने बीटापासून साखर काढायला घेतली, उसाच्या साखरेचे भाव कोसळले, आणि छोट्या मळेवाल्यांनी साखर करण्याचा नाद सोडून रसच आंबवायला सुरुवात केली. पुढे 8 मे 1902 रोजी माँ पेले ज्वालामुखीने सें-पिएर शहर काही मिनिटांत भस्मसात केलं. मळीच्या रमचं मार्टिनिकमधलं मोठं केंद्र तेच होतं. आज रसाची रम ही त्या बेटाची ओळख आहे. तिला म्हणतात आग्रिकोल, म्हणजे 'शेतीची', आणि 1996 पासून तिला वाइनसारखं कायदेशीर भौगोलिक नामांकन आहे. नियम कडक आहेत: भट्टीतून उतरताना अल्कोहोल 65 ते 75 टक्क्यांच्या दरम्यान हवं आणि 'जुनी' म्हणवून घ्यायला लाकडात किमान तीन वर्षं काढायला हवीत.

ही गोष्ट ऐकली की काहीजण लगेच निकाल देतात: रसाची अस्सल, मळीची म्हणजे कारखान्याचा उरलासुरला माल. मला हे मान्य नाही. दुसरा ग्लास पुन्हा हातात घ्या.

जमैकातल्या जुन्या पद्धतीत मळी दोन दिवसांत उरकत नाहीत. आठवडा, कधी दोन आठवडे ती आंबत राहते. तिच्यात आधीच्या खेपेनंतर भट्टीत उरलेलं आंबट पाणी घालतात, त्याला तिथे 'डंडर' म्हणतात. आपल्याकडे डिस्टिलरीच्या गावात ज्याच्या वासाने लोक नाक दाबतात तो स्पेंटवॉश आणि हा डंडर सख्खे भाऊ. त्यातली आम्लं आणि अल्कोहोल मिळून एस्टर बनतात. केळं, अननस, वॉर्निश, सगळी करामत त्यांची. काही रम इतक्या उग्र असतात की जर्मनीत शंभर भाग अल्कोहोलमध्ये पाच भाग असली रम मिसळूनही तिचा वास लागतो, आणि तशी मिश्रणं तिथे रीतसर विकली जातात. उरल्यासुरल्या मालातून हे काढून दाखवणं सोपं नाही.

आणि एक गंमत. दारू फार उंच, 95 टक्क्यांच्या आसपास गाळली, की रस काय नि मळी काय, दोघांचीही चव बरीचशी पुसली जाते. हलक्या पांढऱ्या रममध्ये हा प्रश्न जवळपास निरर्थक ठरतो तो यामुळे.

आपल्याकडे 1954 पासून मिळणारी ओल्ड मंक मळीचीच. इतकंच काय, भारतातल्या कित्येक स्वस्त व्हिस्कींमध्येही मळीचंच स्पिरिट असतं. युरोपच्या नियमांत ती व्हिस्की धरतच नाहीत. "मी रम पीत नाही, व्हिस्कीच घेतो" म्हणणाऱ्या काकांना हे जरा हळूच सांगावं. रस की मळी हा पेच आपल्या साखर कारखान्यांनाही नवा नाही. टनभर उसाच्या रसातून साधारण 70 लिटर इथेनॉल निघतं, टनभर सी-हेवी, म्हणजे साखर पुरती काढून उरलेल्या मळीतून 225 आणि बी-हेवी, म्हणजे थोडी साखर मागे राखलेल्या मळीतून 300 लिटर. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने रसापासूनच्या इथेनॉलवर अचानक बंधनं घातली तेव्हा कारखानदारांची झालेली धावपळ आठवत असेल.

ब्राझीलची काशासा ही दारूही उसाच्या रसाचीच, पण ती स्वतःला रम म्हणवून घेत नाही.

चाखताना नाक ग्लासात खुपसू नका, तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या. आधी मार्टिनिक, मग जमैका. उलट केलंत तर उसाचा हिरवा वास हाती लागणार नाही. पहिला घोट तोंड खळखळून ओला करण्यापुरता, दुसऱ्याच्या आधी पाण्याचे दोन थेंब. संपल्यावर ग्लास तसेच ठेवा, धुऊ नका. सकाळी भांडी घासणाऱ्याला जमैकाचा ग्लास कुठला, ते दाखवावं लागत नाही.