गाणं पुढे गेलं, इनले मागे राहिलं

१९७७च्या जानेवारीत मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडनं ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली. मित्रमंडळी आणि घरच्यांकडून उसने घेतलेले ५०० पौंड, पहिली खेप १,००० प्रतींची, लेबल न्यू हॉर्मोन्स. हे लेबल म्हणजे बँड आणि त्यांचा मॅनेजर, बाकी कुणी नाही. पदरमोड करून तबकडी काढणारे त्याआधीही होते. इथे नवं होतं ते कव्हरवर छापलेलं: कोणतं गाणं कितव्या टेकमध्ये, म्हणजे कितव्या प्रयत्नात, झालं, वरून काही डब केलं की नाही. पुढच्या वर्षी लंडनच्या स्क्रिटी पोलिटी या बँडनं पहिल्या सिंगलच्या कव्हरवर चक्क हिशेब छापला. स्टुडिओला किती, मास्टरिंगला किती, प्रेसिंगला किती, लेबलं छापायला किती, आणि ही कामं कुठे करून मिळतात तेही. ऐकणाऱ्याच्या हातात गाण्याबरोबर तबकडी काढायची कृतीच पडली.

इंडी, म्हणजे बड्या कंपन्यांबाहेरच्या, संगीताबद्दल बोलताना गिटारच्या आवाजावर आणि गायकीच्या ढंगावर पुष्कळ बोललं जातं. गाणं शोधणाऱ्या आणि दुसऱ्याला ऐकवणाऱ्या चाहत्याला मात्र एक रुक्ष प्रश्न जास्त छळत आला आहे: गाणं एका हातातून दुसऱ्या हातात जाताना त्याच्यासोबतची चिठ्ठी टिकते का? कोणी गायलं, कधी, आणि आणखी हवं असेल तर कुठे मिळेल? मोठ्या कंपनीच्या गाण्याला ही चिंता नसते, त्याचं नाव रेडिओ आणि जाहिरात घेतच असतात. इंडी बँडची चिठ्ठी हरवली की बँडच हरवतो.

‘इंडी’ हा शब्द सुरुवातीला शैलीसाठी नव्हताच. ब्रिटनमध्ये जानेवारी १९८०पासून इंडी चार्ट छापला जाऊ लागला, आणि त्यात शिरण्याची अट वितरणाची होती: तबकडी बड्या कंपन्यांच्या वितरणाबाहेरून दुकानात आलेली हवी. मग संगीत कोणतंही चालेल. त्यामागचं जाळं दुकानांनी विणलं होतं. जेफ ट्रॅव्हिस यांनी १९७६ साली पश्चिम लंडनमध्ये रफ ट्रेड हे दुकान उघडलं. पुढे यॉर्कचं रेड ऱ्हायनो, लिव्हरपूलचं प्रोब, ब्रिस्टलचं रिव्हॉल्व्हर अशा प्रादेशिक दुकानांशी हातमिळवणी होऊन ‘द कार्टेल’ नावाची वितरणसाखळी उभी राहिली. काउंटरमागचा माणूस स्वतःच चाहता असल्यामुळे ‘हे आवडलं ना, मग हेही ऐका’ हा आजच्या अ‍ॅपमधला सल्ला तिथे तोंडी मिळायचा.

खरी उलथापालथ केली कॅसेटनं. फिलिप्सनं १९६३ साली आणलेली ही वस्तू मुळात बोलणं टिपून ठेवण्यासाठी होती. ३.८१ मिलिमीटर रुंदीची फीत, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच्या आसपास वेग. त्या वेगात संगीत बरं वाजेल ही अपेक्षा सुरुवातीला फारशी नव्हती. सत्तरच्या दशकात फीत सुधारली, सळसळ दाबणारं डॉल्बी आलं, आणि घरोघरी एक छोटा छापखाना झाला.

चाहत्यांची लाडकी लांबी सी-९०. एका बाजूला ४५ मिनिटं, म्हणजे सर्वसाधारण एलपी, अर्थात मोठी तबकडी, एका बाजूत बसते आणि एका कॅसेटवर दोन एलपी येतात. सी-१२० स्वस्तात जास्त देते असं वाटायचं, पण लांबी वाढवायला तिची फीत फार पातळ करावी लागते. ती ताणली जाते, रोलरला गुंडाळते आणि यंत्र ती ‘खातं’. शहाणी मंडळी ९०च्या पुढे जात नसत. कॅसेटच्या सुरुवातीला काही सेकंद रेकॉर्ड न होणारी पट्टी असते, ती बोटानं पुढे सरकवली नाही तर पहिल्या गाण्याचा पहिला सूर कापला जातो. रेकॉर्ड आणि पॉज एकत्र दाबून ठेवायचे, सुई तबकडीवर टेकली की पॉज सोडायचं. भरून झाली की वरच्या कडेच्या दोन्ही चिमुकल्या टिकल्या मोडायच्या, नाहीतर घरातलं कुणीतरी त्यावर भजनं भरतं. टिकली मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली की कॅसेट पुन्हा भरता येते, हेही घरातल्यांना ठाऊक असे.

कॅसेटवरून कॅसेट करताना मात्र प्रत्येक पिढीत काहीतरी गळतं. प्रत्येक नकलेत फितीची स्वतःची सळसळ मिसळते. मूळ आणि नक्कल सारख्याच प्रतीच्या फितीवर असतील तर सळसळ सुमारे ३ डेसिबलनं वाढते. चौथ्या-पाचव्या हातातली कॅसेट पावसात ऐकल्यासारखी वाटते ती याच कारणानं. दोन कॅसेटी बसणाऱ्या डबल डेकवरचं ‘हाय स्पीड डबिंग’ निम्म्या वेळात काम उरकायचं, पण दुप्पट वेगात १० किलोहर्ट्झचा सूर यंत्राला २० किलोहर्ट्झचा होऊन भेटतो. फीत वाचणाऱ्या-भरणाऱ्या स्वस्त हेडला तो झेपत नाही आणि झांजा बोथट होतात. हेडचा कोन फितीला काटकोनात नसेल तरीही वरचे सूर मरतात. त्यावर उपाय हेडशेजारच्या बारीक स्क्रूचा: गाणं मोनोमध्ये लावायचं, स्क्रू किंचित फिरवत जायचं आणि वरचे सूर सगळ्यांत स्वच्छ ऐकू येतील तिथे थांबायचं. कॅसेट वाजवून झाली की स्क्रू पूर्वीच्या जागी आणायचा, नाहीतर स्वतःच्या बाकीच्या सगळ्या कॅसेटी बोथट वाजू लागतात.

आणि इथे इनलेचं, म्हणजे कॅसेटच्या डबीतल्या छापील कागदाचं, महत्त्व कळतं. डॉल्बी बी चालू ठेवून भरलेली कॅसेट डॉल्बीशिवाय लावली तर कर्कश वाजते. उलट केलं तर गाणं घोंगडीखालून आल्यासारखं. कॅसेट नुसती ऐकून हे खात्रीनं सांगता येत नाही. म्हणूनच कोऱ्या कॅसेटच्या इनलेवर ‘नॉइज रिडक्शन’पुढे हो-नाहीची चौकट छापलेली असे, आणि चांगला देवाणघेवाण करणारा बँडच्या नावाइतक्याच काळजीनं ती भरत असे. नक्कल कितव्या पिढीची, हेही काही जण लिहीत.

ब्रिटिश रेकॉर्ड उद्योगानं १९८१ साली ‘घरगुती रेकॉर्डिंग संगीताला मारतंय’ अशी मोहीम काढली, कवटीच्या जागी कॅसेट असलेल्या चाच्यांच्या निशाणासकट. त्याच वर्षी अमेरिकेच्या डेड केनेडीज या बँडनं आपल्या कॅसेटच्या एकाच बाजूला सगळी गाणी भरली आणि दुसरी बाजू कोरी ठेवली, घ्या भरून म्हणून. एनएमई या साप्ताहिकानंही तेव्हाच रफ ट्रेडबरोबर ‘सी८१’ ही कॅसेट काढली. अंकातली कुपनं जमवून पैशांसह पाठवायची, कॅसेट टपालानं घरी. १९८६च्या ‘सी८६’मध्ये २२ बँड होते आणि त्या कॅसेटचं नावच पुढे एका शैलीचं नाव होऊन बसलं. वितरणाच्या अटीतून जन्मलेला ‘इंडी’ शब्द आवाजाला चिकटला तो साधारण याच काळात.

आपल्याकडे कॅसेटचा पूर आला तो ऐंशीच्या दशकात. गावोगावच्या रेकॉर्डिंग सेंटरवर गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट दिली की दोन दिवसांत भरून मिळायची. यात मूळ कलाकाराला छदामही जात नसे आणि इनलेवर दुकानदार लिहील ते नाव. बहुतेकदा चित्रपटाचं, क्वचित गायकाचं. स्वतःची गाणी करणाऱ्या बँडना ही वाट उपयोगाची नव्हती. मुंबईत धोबी तलावाजवळच्या रंगभवनात १९८६पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हे रॉक संमेलन भरू लागलं आणि १९९३ साली अमित सैगल यांनी अलाहाबादहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ सुरू केलं. कॉलेजाकॉलेजांत विखुरलेले बँड या मासिकातून एकमेकांना कळू लागले. मुंबई-पुण्याच्या बाहेर बसून देशभरच्या बँडची खबर मिळणं हे त्या काळात फारच मोठं काम होतं. त्यातलं संगीत किती चांगलं होतं हा वेगळा वाद.

सीडीनं सळसळ घालवली, आणि चिठ्ठीही. ऑडिओ सीडीवर सहसा गाण्यांची नावं नसतातच. संगणकावर दिसतात ती इंटरनेटवरून येतात: प्रोग्रॅम प्रत्येक ट्रॅक कुठे सुरू होतो ते मोजतो, त्यावरून एक क्रमांक बनवतो आणि सीडीडीबीसारख्या यादीत तो शोधतो. दोन वेगळ्या सीडींचा क्रमांक कधीकधी सारखा निघतो, आणि मग अपरिचित बँडची सीडी भलत्याच नावानं उघडते. ही यादी हजारो ऐकणाऱ्यांनी फुकट टंकून भरली होती. ती व्यापारी कंपनीच्या हाती जाऊन पुढे ग्रेसनोट झाली, तेव्हा चिडलेल्यांपैकी रॉबर्ट के यांनी म्युझिकब्रेन्झ ही सर्वांसाठी खुली यादी सुरू केली.

एमपी३च्या पोटात नाव ठेवायची सोय १९९६ साली एरिक केम्प यांनी केली. आयडी३ नावाची ही चिठ्ठी फाइलच्या शेवटी चिकटवलेली, एकूण १२८ बाइटची: गाणं ३०, कलाकार ३०, अल्बम ३०, वर्ष ४, टीप ३०, प्रकाराला १, आणि उरलेले तीन खुणेचे. रोमन लिपीला हे कसंबसं पुरतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युटीएफ-८ या संगणकी अक्षरपद्धतीत ३ बाइट घेतं, काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. नुसत्या ‘मराठी’ शब्दाला १५ बाइट लागतात. शिवाय अक्षरं कोणत्या पद्धतीनं लिहिली आहेत हे सांगायला या चिठ्ठीत जागाच नाही. जुन्या प्लेअरवर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आणि चौकोन दिसतात ते त्यामुळे. आयडी३च्या दुसऱ्या आवृत्तीनं ही अडचण सोडवली. टॅग, म्हणजे ही चिठ्ठी, लिहिताना आवृत्ती २.३ आणि युटीएफ-१६ निवडलं तर ते जवळपास सगळीकडे उघडतं; २.४ जास्त नेटकं आहे, पण काही जुनी यंत्रं ते वाचत नाहीत.

जून १९९९ ते जुलै २००१ चाललेल्या, गाण्यांच्या फाइली एकमेकांना देण्याच्या नॅपस्टरवर शोध फाइलच्या नावावरच चाले. परिणाम ठरलेला: विनोदी गाणं दिसलं की ते एकाच प्रसिद्ध विनोदी गायकाच्या खात्यावर, संथ रेगे असेल तर बॉब मार्लीच्या. कित्येक छोट्या बँडची गाणी जगभर पोचली, पण दुसऱ्याच्या नावानं.

मग मायस्पेस हे सोशल नेटवर्क. २००३नंतर काही वर्षं बँडचं पान म्हणजे मायस्पेसचं पान असंच समीकरण होतं. मार्च २०१९मध्ये जाहीर झालं की सर्व्हर हलवताना २०१५पर्यंत चढवलेलं संगीत गेलं. गाण्यांचा अंदाज ५ कोटींच्या घरात होता. एका अभ्यासगटानं आधी उतरवून ठेवलेली सुमारे ४ लाख ९० हजार गाणी इंटरनेट अर्काइव्हवर टिकून राहिली. असंख्य बँडनी त्यांच्या मूळ फाइली जपलेल्याच नव्हत्या, पान आहे म्हणून.

२००८च्या बँडकॅम्पनं, म्हणजे कलाकारांनी थेट गाणी विकायच्या साइटनं, कव्हरची जुनी रीत परत आणली. कलाकाराला गाणं डब्ल्यूएव्ही, एआयएफएफ किंवा फ्लॅक अशा काहीही न गळणाऱ्या स्वरूपातच चढवावं लागतं, एमपी३ चालत नाही. विकत घेणाऱ्याला हवं ते स्वरूप मिळतं आणि टॅग कलाकारानं भरलेलेच राहतात. डिजिटल विक्रीवर १५ टक्के कपात, विक्री ५,००० डॉलरवर गेली की १० टक्के. २० मार्च २०२०ला कोविडच्या तोंडावर ही कपात एका दिवसासाठी सोडली गेली, त्यातून ‘बँडकॅम्प फ्रायडे’ सुरू झाले. २०२२मध्ये एपिक गेम्सनं आणि पुढच्याच वर्षी साँगट्रॅडरनं कंपनी घेतली आणि जवळपास निम्मे कर्मचारी गेले. विकत घेतलेली गाणी त्याच दिवशी उतरवून ठेवावीत, हे मायस्पेसनंतर वेगळं सांगायला नको.

स्ट्रीमिंगवर नेहमीचा घोळ सारख्या नावांचा. एकाच नावाचे दोन बँड असले की नवं गाणं भलत्याच्या पानावर जाऊन बसतं. त्यासाठी प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा १२ चिन्हांचा क्रमांक असतो: देशाची २, नोंदणीदाराची ३, वर्षाचे २ आणि अनुक्रमाचे ५ अंक. बँडनं वितरक बदलताना जुना क्रमांक कळवला नाही तर त्याच गाण्याची दुसरी नोंद तयार होते आणि ऐकल्याची मोजणी दोन ठिकाणी फुटते. २०२४पासून स्पॉटिफाय १२ महिन्यांत १,०००पेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला मानधन देत नाही. त्यामुळे ६००-६०० अशी फूट म्हणजे शून्य.

रोजच्या वाटावाटीत सगळ्यांत जास्त चिठ्ठ्या आज व्हॉट्सअ‍ॅपवर गळतात. ऑडिओ म्हणून पाठवलेली फाइल पलीकडच्या फोनमध्ये ‘एयूडी’, तारीख आणि एक अंक अशा नावानं उतरते. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर तिचं नाव टिकतं. त्याहून बरं म्हणजे कलाकाराच्या स्वतःच्या पानाची लिंक. मराठी बँडच्या बाबतीत एक जादा काम उरतं: पानावर नाव देवनागरीत असेल तर रोमनमध्ये शोधणाऱ्याला ते सापडत नाही, आणि रोमनमध्ये तर प्रत्येकाचं स्पेलिंग निराळं. म्युझिकब्रेन्झवर फुकट खातं उघडून मुख्य नाव कव्हरवर छापलंय तसंच ठेवायचं आणि बाकीची स्पेलिंगं ‘एलिअस’ (पर्यायी नावं) या रकान्यात एकेक करून घालायची.