परदेशी क्लबकडून खेळायला निघालात? आधी पैशाचं बघा

सोलापूरच्या पार्क मैदानावर घाम गाळून इंग्लंडच्या क्लब क्रिकेटपर्यंत किंवा आखातातल्या लीगपर्यंत पोहोचलेली मुलं-मुली आमच्या करसल्ला कार्यालयात आली की पहिला प्रश्न ठरलेला: "मी आता एनआरआय (अनिवासी भारतीय) ना? मग इथं टॅक्स नाही ना?" एका मोसमासाठी जाणाऱ्या बहुतेकांना आम्हाला "तसं नाही" असंच सांगावं लागतं.

इंग्लंडचा मोसम एप्रिल ते सप्टेंबर. समजा, १० एप्रिलला विमानात बसलात आणि २० सप्टेंबरला परत आलात. एप्रिलचे १० दिवस, सप्टेंबरचे ११ आणि ऑक्टोबर ते मार्च १८२. त्या आर्थिक वर्षात तुम्ही भारतात २०३ दिवस होता. १८२ दिवस भरले की प्राप्तिकराच्या लेखी तुम्ही निवासी, आणि मग क्लबने दिलेले पौंडही इथल्या विवरणपत्रात दाखवावे लागतात.

दुसरा गैरसमज याहून महाग पडतो. आयटीत असलेला मित्र सांगतो, १८३ दिवसांच्या आत परतलं की तिकडे कर लागत नाही. त्याच्यापुरतं ते बरोबर असू शकतं. पण भारत-ब्रिटन कर करारात खेळाडूंसाठी वेगळं कलम आहे. सामना ज्या देशात, त्या देशाला कर घेण्याचा हक्क, मग तुम्ही तिथे एकच दिवस खेळलेले असा.

म्हणजे दोनदा कर? नाही. तिकडे भरलेल्या कराची वजावट इथल्या करातून मिळते, पण इथे त्या कमाईवर जेवढा कर बसतो तेवढीच. तिकडे दोन लाख कापले आणि इथला कर सव्वा लाख आला, तर वरचे पाऊण लाख आपलं सरकार परत देत नाही. वजावटीला पुरावा लागतो: पगाराच्या स्लिपा, आणि क्लब सोडताना मिळणारा पी४५, म्हणजे पगार आणि कापलेला कर दाखवणारा ब्रिटनमधला दाखला. "टॅक्स कट झालाय" हे एजंटचं तोंडी सांगणं पुरावा नव्हे. तिकडे उघडलेलं बँक खातं रिकामं करून आलात तरी विवरणपत्रात दाखवायचंच. लपवल्यास काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड बसू शकतो.

दोन-तीन वर्षांचा करार असेल तर चित्र बदलतं. प्राप्तिकर दिवस मोजतो, तर फेमा (परकीय चलनाचा कायदा) तुम्ही कशासाठी गेलात हे बघतो. नोकरीसाठी गेलात की इथलं बचत खातं एनआरओ (अनिवासींचं इथल्या कमाईसाठीचं खातं) करून घ्यावं लागतं. तिकडची कमाई एनआरई (अनिवासींचं परदेशी कमाईसाठीचं) खात्यात ठेवा. व्याज करमुक्त आणि पैसे केव्हाही बाहेर नेता येतात. एनआरओच्या व्याजावर मात्र तीस टक्के टीडीएस (बँकेनेच आधी कापलेला कर), वर सेस. जुनं पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, नवं उघडता येत नाही.

आता जमिनीचं. माळशिरस, पंढरपूरकडची पोरं हमखास म्हणतात, "पहिल्या पैशातून गावाकडं दोन एकर घ्यायची." एनआरआयला शेतजमीन विकत घेता येत नाही. सातबाऱ्यावर आधीपासून नाव असेल ते राहतं, वारसाने आलेलीही चालते. वडिलांना पैसे भेट दिले तर त्यांना कर लागत नाही आणि शेतकरी म्हणून ते जमीन घेऊ शकतात. पण ती मग वडिलांची झाली, भावा-बहिणींचा वाटा त्यात आलाच. हे घरात आधी बोलून घ्या. आम्ही कागद करून देऊ, भांडण मिटवू शकत नाही.

दुबईला जाणाऱ्यांसाठी एवढंच: तिथे पगारावर कर नाही, पण इथलं उत्पन्न पंधरा लाखांच्या वर असेल तर एनआरआय धरण्याआधी आम्हाला विचारा. इथल्या दुकानाची जाहिरात केली तर ते मानधन इथेच करपात्र, तुम्ही कुठेही राहा.

येताना दोन्ही पासपोर्ट (जुनाही, शिक्क्यांसाठी), मागच्या चार वर्षांची विवरणपत्रं आणि कराराचा मसुदा आणा. सही झालेला नको, सहीच्या आधीचा. कर कोण भरणार, घर-गाडी पगारात धरली आहे का, रणजी निवडीसाठी सोडणार का, हे मसुद्यातच बदलता येतं. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा झाली की लगेच आलात तर एप्रिलच्या आधी सगळं उरकतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मात्र आम्ही नवीन काम घेत नाही.