काना-मात्रा गळालेला पत्ता

गिरगावातल्या एका जुन्या वाचनालयाची वेबसाइट मी हौसेने करून दिली होती. यादी चढवली, दुवे जोडले आणि ‘नवीन पुस्तके’वर क्लिक केले, तर पान म्हणाले : ‘नवीन’ नावाचे पुस्तक आमच्याकडे नाही. ग्रंथपाल बाई शेजारीच बसल्या होत्या. “अहो, कालच तर गठ्ठा आलाय,” म्हणाल्या. चूक अर्थातच माझी होती आणि ती पत्त्यात होती.

ब्राउझरमध्ये टाकलेल्या पत्त्याचा पहिला भाग वेबसाइटचे नाव सांगतो. त्यापुढचा, तिरप्या रेघांनी तोडलेला भाग वेबच्या सुरुवातीच्या काळात बहुधा सरळ फायलीचा ठिकाणा असे : अमुक फोल्डरमधली तमुक फाइल. फाइल हलली की पत्ता मेला. रेल्स किंवा जँगोसारख्या आजच्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्यांत, त्या जागी सहसा फाइल नसतेच. असते ती नियमांची यादी, म्हणजे राउट्स. ‘पुस्तक/’च्या पुढे जे येईल ते पुस्तकाचे नाव समजा आणि अमक्या फंक्शनच्या, म्हणजे ते काम करणाऱ्या प्रोग्रामच्या तुकड्याच्या, हाती द्या, असा एक नियम लिहिला की हजारो पुस्तकांचे पत्ते एका ओळीत तयार.

पिनकोड बराचसा असाच वाचला जातो. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली. गिरगावच्या ४००००४मधला पहिला ४ महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या पट्ट्याचा, ४०० मुंबईचे आणि शेवटचे तीन आकडे वाटप करणाऱ्या पोस्टाचे. डावीकडून एकेक तुकडा वाचत पत्र पुढे सरकते. फरक इतकाच की एक पत्ता दोन पिनकोडांत बसत नाही. राउट्सचे तसे नाही. ‘पुस्तक/नवीन’ हा पत्ता माझ्या दोन नियमांत बसत होता : खास नव्या पुस्तकांसाठी लिहिलेल्या आणि ‘जे येईल ते नाव’ म्हणणाऱ्या. माझी साइट जँगोत होती आणि जँगो यादी वरून खाली वाचते आणि पहिला जुळला की थांबते. अधिक नेमका नियम कोणता, हे ती शोधत बसत नाही. माझा सर्वभक्षी नियम वर होता. दोन ओळींची अदलाबदल केली आणि गठ्ठा दिसू लागला.

दुसरा उपाय नियमाला चाळणी लावण्याचा. इथे फक्त आकडे चालतील, असे सांगितले की ‘नवीन’ आपोआप गळते. पण जँगोची ही तयार चाळणी फक्त इंग्रजी आकडे ओळखते. ‘पुस्तक/४१२’ असे देवनागरीत टाकाल तर ४०४, म्हणजे ‘पान सापडले नाही’. गंमत म्हणजे जँगो ज्या भाषेत लिहिली आहे ती पायथन देवनागरी ४१२ला सुखाने संख्या मानते. अडवतो तो दारावरचा रखवालदार. सुदैवाने स्वतःची चाळणी लिहिता येते, तीही थोडक्यात : कोणती अक्षरे आत घ्यायची, आत आल्यावर त्यांचे काय करायचे आणि पत्ता परत बनवताना ती कशी लिहायची.

खरी फजिती पुढे झाली. पत्त्यातल्या वाचता येणाऱ्या नावाला स्लग म्हणतात. शब्द वृत्तपत्रांच्या धंद्यातला आहे आणि जँगोचा जन्मही अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीतला. शीर्षकावरून स्लग बनवणारे तयार फंक्शन मुळात इंग्रजीपुरते. देवनागरी दिली तर हाती शून्य. युनिकोड, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणारी यादी, चालू द्या, असे बजावले तर ते ‘मुंबई’चे ‘मबई’ करते! कारण अक्षर आणि आकडा सोडून बाकी गाळ, असा त्याचा खाक्या आहे आणि युनिकोडच्या वर्गवारीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही अक्षरे नव्हेत, चिन्हे आहेत. मग ‘कळी’, ‘केळी’ आणि ‘काळा’ या तिघांचा पत्ता एकच : ‘कळ’. बाराखडी घोकलेल्या कुणाला हे सुचलेच नसते. देवनागरीसाठी युनिकोडमध्ये १२८ जागांचा सलग पट्टा आहे. तो सगळा चाळणीतून जाऊ दिला, तेव्हा मात्रा परत आल्या.

याची किंमतही आहे. तारेवरून जाताना देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे (बाइट म्हणजे संगणकाच्या साठवणीचे लहान एकक) होते आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे म, उकार, अनुस्वार, ब, ई अशी पाच चिन्हांची ‘मुंबई’ ४५ अक्षरांची. व्हॉट्सॲपवर मराठी दुव्याची जी लांबच लांब टक्केवारी दिसते, ती हीच. तरी मला मराठी पत्ताच बरा वाटतो.

उरले जुने, मात्रा गळालेले पत्ते. ते तोवर लोकांच्या फोनमध्ये जाऊन बसले होते. एल्फिन्स्टन रोड स्टेशनचे २०१८मध्ये प्रभादेवी झाले, पण गाडीत कुणी ‘एल्फिन्स्टन कुठलं हो?’ विचारले तर आपण वाद न घालता प्रभादेवीला उतरवतोच ना? वेबवर या कामाला ३०१ हा क्रमांक आहे : कायमचे हलले, तिकडे जा. जिथे तीन पुस्तके एका ‘कळ’वर आदळली होती, तिथे मात्र ३०१ने भागेना. कुणाला पाठवायचे? त्या पत्त्यावर मी तिन्ही पुस्तकांची नावे लिहून ठेवली. ग्रंथपाल बाईंना ते पान इतके आवडले की त्यांनी मला ते काढू दिलेले नाही.