रक्त बल्बमध्ये गेलं, तरी औषध बदलत राहतं

रक्ताचा नमुना घेतला, बल्बवर, म्हणजे रक्त ठेवायच्या छोट्या नळीवर, नाव आणि वेळ लिहिली, की रुग्णाच्या दृष्टीने विषय संपतो. रक्तातली रसायनं मात्र थांबलेली नसतात. औषधांचे तुकडे पाडणारी काही एन्झाइम खुद्द रक्तातच असतात आणि बल्बमध्येही ती आपलं काम चालू ठेवतात. म्हणजे प्रयोगशाळेने दिलेला आकडा हा नमुना यंत्रात गेला त्या वेळचा असतो. सुई टोचली त्या वेळी रक्तात नेमकं किती औषध होतं हे सांगायचं, तर मधल्या काळात त्या बल्बचं काय झालं हेही ठाऊक असावं लागतं.

न्यायवैद्यक तपासणीत याचं सर्वात ठळक उदाहरण कोकेनचं. रक्तद्रवातलं ब्युटिरिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम कोकेन फोडून त्याचं एक्गोनिन मिथाइल एस्टर करतं. दुसऱ्या वाटेला एन्झाइमही लागत नाही. रक्त किंचित अल्कधर्मी असतं, सामू साधारण ७.४, आणि एवढ्यानेच कोकेनचं आपोआप बेंझॉइलएक्गोनिन होऊ लागतं. साध्या बल्बमधलं रक्त उबदार खोलीत काही दिवस पडून राहिलं, तर मूळ कोकेन जवळजवळ सापडेनासं होतं.

यावर उपाय म्हणजे राखाडी झाकणाचा फ्लोराइड बल्ब. त्यातलं सोडियम फ्लोराइड एन्झाइमला रोखतं आणि पोटॅशियम ऑक्झलेट रक्त गोठू देत नाही. पण फ्लोराइडने फक्त पहिली वाट बंद होते. दुसरी मंदावायला थंडी लागते, नमुना किंचित आम्ल असला तर अधिक चांगलं. म्हणून योग्य बल्ब वापरून तो उन्हातल्या गाडीत ठेवला, तर अर्धंच काम झालं. जाणकार तज्ज्ञ कोकेनबरोबर त्याचे तुकडेही मोजतात. मूळ पदार्थ संपला तरी तो घेतला होता, हे त्यांवरून कळतं. किती घेतला होता, हे मात्र सांगता येत नाही.

दारूच्या बाबतीत आकडा दोन्ही दिशांना सरकू शकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे. झाकण सैल असेल तर अल्कोहोल उडून जातं. उलट नमुन्यात कँडिडासारखं यीस्ट शिरलं, तर ते रक्तातल्या साखरेपासून अल्कोहोल तयार करू शकतं. जिवंत माणसाच्या, नीट घेतलेल्या नमुन्यात हे क्वचितच घडतं, मृतदेहाच्या रक्तात ही शंका कायम धरावी लागते. मृतदेहातले जिवाणू नायट्राझेपाम, क्लोनाझेपाम यांसारख्या झोपेच्या आणि फिटच्या गोळ्यांचं रूपही बदलून टाकतात. त्यामुळे तिथे मूळ औषधाऐवजी त्याचं ‘अमिनो’ रूप शोधावं लागतं.

माझ्या मते या विषयाकडे सर्वात कमी लक्ष जातं ते रोजच्या उपचारांत. फिटच्या रुग्णाला फेनिटॉइन चालू असतं आणि डॉक्टर त्याची रक्तातली पातळी पाहून डोस ठरवतात. काही बल्बमध्ये रक्तपेशी वेगळ्या करण्यासाठी तळाशी जेल असतं. काही प्रकारची जेल फेनिटॉइन शोषून घेतात. नमुना तासन्‌तास तसाच राहिला किंवा बल्ब अर्धवट भरला असेल, तर पातळी प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. मग डोस वाढवला जाण्याची भीती असते. आणि फेनिटॉइनचा स्वभाव असा, की यकृताची ते फोडण्याची क्षमता भरत आली की डोस थोडा वाढवला तरी रक्तातली पातळी एकदम चढते. मग रुग्णाचा तोल जातो, डोळ्यांची बुबुळं आपोआप हलू लागतात. एका चुकीच्या बल्बपासून इथवर मजल जाऊ शकते.

नव्या औषधांच्या चाचण्यांत मात्र याची कसून तपासणी होते. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय ‘आयसीएच एम १०’ मार्गदर्शक तत्त्वांनुसार ज्ञात प्रमाणात औषध मिसळलेले नमुने टेबलावर ठेवून, दीर्घकाळ साठवून आणि किमान ३ वेळा गोठवून-वितळवून पुन्हा मोजतात. सरासरी मूळ आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत राहिली, तरच साठवणीची ती पद्धत ग्राह्य धरली जाते.

पण फ्लोराइड बल्ब चांगला म्हणून सगळीकडे तोच वापरून चालत नाही. विदर्भात कापसावर फवारणी करताना ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाची विषबाधा झालेला शेतकरी रुग्णालयात येतो, तेव्हा विष किती भिनलं याचा अंदाज घ्यायला डॉक्टर रक्तातलं कोलिनएस्टरेज मोजतात. कोकेन फोडणारं एन्झाइम हेच. कीटकनाशक त्याला निकामी करतं, आणि फ्लोराइडही त्याला रोखतं. नमुना राखाडी झाकणाच्या बल्बमध्ये गेला, तर विषबाधा नसलेल्या माणसाचाही अहवाल कमी येऊ शकतो. म्हणून ही तपासणी साध्या किंवा हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) बल्बमधल्या रक्तावर करतात.