कागदाच्या कलाने घेतलं, तर पंखा होतो

ठशांची नक्षी, बारीक चुण्या आणि खाली मण्यांचा गोंडा असलेला कागदी पंखा करायला सोपा दिसतो. बहुतेकांना तो बऱ्यापैकी जमतोही. तरी काही पंखे पहिल्या दिवसापासून रुसल्यासारखे वागतात. चुण्या फुगतात, घडीच्या कडेला कागद पिंजून पांढरा पडतो, ठशाची शाई पसरते. दोष बहुधा हाताचा नसतो. कागद सगळीकडून सारखाच, असं आपण धरून चालतो, आणि तिथेच गाडी अडते.

कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचा दाबलेला थर. लाकडापासून मिळणारे हे तंतू साधारण 1 ते 3 मिलिमीटर लांब असतात. कारखान्यात त्यांचा पाणीदार लगदा वेगाने धावणाऱ्या जाळीवर सोडतात, आणि जाळी ज्या दिशेने धावते त्या दिशेला बरेचसे तंतू आपोआप वळतात. पाणी निथळतं, कागद वाळतो, पण ती दिशा कागदात कायमची राहते. तंतूंच्या लांबीच्या दिशेने कागद ताठ असतो, आडव्या दिशेच्या साधारण दुप्पट. शिवाय ओल लागली की तंतू लांबीला जेमतेम वाढतो, जाडीला मात्र चांगलाच फुगतो. म्हणून दमट हवेत कागद पसरतो तो मुख्यतः आडवा.

ही दिशा डोळ्यांना दिसत नाही, पण ओळखणं अवघड नाही. कागदाच्या उभ्या बाजूने एक आणि आडव्या बाजूने एक अशा सारख्या मापाच्या दोन लांब पट्ट्या कापा. एकीवर एक ठेवून एका टोकाशी चिमटीत धरा आणि उरलेला भाग हवेत मोकळा सोडा. मग वरची खाली, खालची वर करून पुन्हा धरा. एका खेपेला दोन्ही पट्ट्या चिकटल्यासारख्या एकत्र वाकतील. दुसऱ्या खेपेला खालची पट्टी वरचीला सोडून एकटीच मान टाकेल. मान टाकणारी ती नरम पट्टी. जी वर ताठ राहिली, तिच्या लांबीच्या दिशेने तंतू धावताहेत.

चुण्यांच्या घड्या याच दिशेला समांतर हव्यात. तंतूंना समांतर घडी घातली तर ती दोन तंतूंच्या मधून वाट काढते. आडवी घातली तर हजारो तंतू मोडावे लागतात, आणि कडेला दिसणारी ती पांढरी पिंजण म्हणजे हेच मोडलेले तंतू. शिवाय पंख्याची प्रत्येक पाती, म्हणजे दोन घड्यांमधली पट्टी, लांबीला ताठ असायला हवी, तीही याच मांडणीत ताठ होते. दमट दिवशी कागद आडवा पसरला तरी चुण्या किंचित जास्त उघडून ती वाढ सामावून घेतात. एका निर्णयात तीन फायदे, असं हस्तकलेत क्वचितच घडतं.

आता थोडा हिशोब, कारण कागद कमी पडणं ही या कामातली नेहमीची रडकथा आहे. ए-फोर कागदात तंतू सहसा लांब बाजूला समांतर असतात (पट्ट्यांनी खात्री करून घ्यावी). असा कागद मध्यावर आडवा कापला की 14.8 बाय 21 सेंटिमीटरचे दोन तुकडे होतात, आणि तंतू त्यांच्या 14.8 सेंटिमीटरच्या बाजूला समांतर येतात. म्हणजे पंख्याची त्रिज्या 14.8 सेंटिमीटर. एवढ्या त्रिज्येच्या अर्धवर्तुळाची कड साधारण 46 सेंटिमीटर भरते. दोन तुकड्यांचे 42 होतात, म्हणजे पंखा अर्धवर्तुळही पुरं करणार नाही. आणि कागद जेमतेम पुरला तरी उपयोग नाही, कारण मग बाहेरच्या कडेला चुण्या पार ताणून सपाट होतात. तीन तुकडे जोडले की जोडाची पट्टी वजा जाता सुमारे 61 सेंटिमीटर मिळतात. मग पंखा पूर्ण उघडला तरी चुण्या उभ्या राहतात, आणि त्या उभ्या राहण्यातच त्याची सगळी ताकद आहे.

ही ताकद केवढी? साध्या 80 ग्रॅमच्या (म्हणजे चौरस मीटरला 80 ग्रॅम भरणाऱ्या) कागदाची जाडी 0.1 मिलिमीटर धरा. सपाट कागद वाकताना त्याच्यापाशी तेवढीच जाडी असते. एक सेंटिमीटर रुंदीच्या चुण्या घातल्या आणि पंखा उघडल्यावर त्या कडेला 5 मिलिमीटर उंच राहिल्या, तर तोच कागद वाकण्याच्या दृष्टीने पन्नासपट जाड झाल्यासारखा वागतो. ताठपणा या पटीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे कागदावरच्या गणितात 2500 पट. प्रत्यक्षात चुण्या थोड्या पसरतात आणि आकडा घसरतो, पण पन्हाळी पत्रा साध्या पत्र्यापेक्षा इतका भार कसा पेलतो, याचं उत्तर हेच आहे. म्हणून जाड कार्डशीट घेण्याचा मोह टाळावा. पाव मिलिमीटर जाडीच्या 60 पात्या दुमडल्यावर बुडाशी दीड सेंटिमीटरचा ठोकळा होतो, आणि तो कुठल्याही दोऱ्याला दाद देत नाही.

घडी घालण्याआधी रेघ दाबून घ्यावी. शाई संपलेलं बॉलपेन आणि पट्टी एवढं त्यासाठी पुरतं. दाबलेल्या रेघेवर कागदाच्या आतल्या थरांमधली बांधणी सैल होते. मग दुमडताना बाहेरचा थर ताणून फाटत नाही आणि आतला थर जरासा फुगून जागा करून घेतो. यात एक बारकावा बहुतेक जण सोडून देतात. खाच घडीच्या बाहेरच्या अंगाला आणि तिच्या मागचा उंचवटा आतल्या अंगाला यायला हवा. म्हणजे आपल्याकडे टोक करणाऱ्या घड्यांच्या रेघा कागदाच्या पुढून दाबायच्या, आत जाणाऱ्या घड्यांच्या मागून. कंटाळवाणं काम आहे खरं, पण पंखा मिटल्यावर पात्या एकीवर एक नीट बसतात त्या यामुळेच.

चुण्यांच्या पंख्यावर विसंबणाऱ्यांत अंतराळ अभियंतेही आहेत. नासाचं लुसी यान ऑक्टोबर 2021 मध्ये निघालं तेव्हा सात मीटरहून जास्त व्यासाचे दोन गोल सौर पंखे, म्हणजे पंख्यासारखी उघडणारी सौर पॅनेलं, घडी करून नेले होते. एक दोरी ओढत नेऊन पंखा पूर्ण वर्तुळभर उघडायचा, अशी योजना होती. एक नीट उघडला. दुसऱ्याची दोरी ढिली पडली आणि त्याची शेवटची कडी लागलीच नाही. पुढे मोटर पुन्हा चालवून तो 360 पैकी 350 अंशांच्या पलीकडे नेला आणि यान तसंच पुढच्या प्रवासाला गेलं. घडी दगा देत नाही, दोरा देतो, हे हाताने पंखा करणाऱ्याला नवीन नाही.

ठसे घड्यांच्या आधी, कागद सपाट असतानाच उमटवायचे. शाई पसरते ती केशाकर्षणामुळे. तंतूंमधल्या बारीक फटी पाण्याला आत ओढतात आणि रंग त्यासोबत जातो. छपाईच्या कागदाला पाणी न शोषणाऱ्या द्रव्याचा हात दिलेला असतो, म्हणून त्यावर कड स्वच्छ येते. शोभेच्या मऊ, हातकागदासारख्या कागदावर आधी कोपऱ्यात ठसा मारून पाहावा. शाईतही दोन जाती आहेत. एकीत रंग पाण्यात विरघळलेला असतो, तो तंतूत मुरतो. दुसरीत रंगाचे न विरघळणारे कण असतात, ते वरच बसतात, गडद दिसतात आणि वाळायला वेळ घेतात. माझं मत विचाराल तर चुण्यांसाठी मुरणारी शाई बरी, कारण वर बसलेला थर घडीवर तडकतो.

उठावाच्या नक्षीला हे आणखीच लागू पडतं. सावकाश वाळणाऱ्या शाईवर एम्बॉसिंग पावडर भुरभुरवतात, ती ओल्या जागीच चिकटते, बाकीची झटकून टाकायची. हीट गनची गरम हवा लागली की पावडरीतलं प्लास्टिकसारखं राळद्रव्य वितळतं. पृष्ठताणामुळे कण एकमेकांत मिसळून चकचकीत फुगीर थर होतो. हा क्षण पाहण्यासारखा असतो: दाणेदार, मळकट रेघ एका टोकाकडून चमकत चमकत पुढे सरकते. पण थंड झालेला थर ठिसूळ असतो, तेव्हा असा ठसा पातीच्या मधोमध हवा, घडीवर नको. दुसरी गोष्ट, साध्या हवेतही कागदाच्या वजनात 5 ते 7 टक्के पाणी असतं. एकाच बाजूने तापवलं की तिकडचं पाणी उडतं, तंतू आक्रसतात आणि कागद त्या बाजूला वळतो. तो फेकून देऊ नका. वजनाखाली काही तास ठेवला की हवेतली ओल परत घेऊन बराचसा सरळ होतो.

वाऱ्याबद्दल थोडक्यात. पंखा हवा थंड करत नाही. अंगालगत तापलेल्या, घामाच्या वाफेने भरलेल्या हवेचा पातळ थर असतो, तो पंखा हटवतो. एक ग्रॅम घाम उडताना सुमारे 2400 ज्यूल उष्णता घेऊन जातो, गारवा येतो तो त्यातून.

राहिला गोंडा. सुती दोऱ्याचा केला तर तोही सेल्युलोजच, म्हणजे कागदाचाच भाऊबंद. रिळावर राहून दोऱ्याला आलेली वळणं वाफेने सुटतात, कारण ओल आणि उष्णतेपुढे तंतूंमधले हायड्रोजन बंध सैल पडतात आणि वाळताना नव्या, सरळ स्थितीत पुन्हा जुळतात. हे वाफेचं काम गोंडा पंख्याला लावण्याआधी उरकावं, नाहीतर कागदावरही तीच क्रिया होते आणि घातलेल्या चुण्या सैलावतात.

गोंड्याचा गळा बांधताना गाठीपेक्षा वेढे महत्त्वाचे. वेढ्यागणिक घर्षणाची पकड गुणाकाराने वाढते. हे समीकरण गणितज्ञ ऑयलरच्या नावाने ओळखलं जातं. घर्षणांक, म्हणजे घर्षण किती ते सांगणारा आकडा, 0.3 धरला तर एक वेढा धरून ठेवण्याची ताकद साडेसहापट करतो आणि तीन वेढे 280 पटींच्या पुढे नेतात. म्हणून घट्ट ओढलेले पाच-सहा वेढे घेऊन टोक आत खुपसलं तरी गळा सुटत नाही.

मणी मात्र मोजून ओवावेत. चार मिलिमीटरचा काचेचा मणी जेमतेम 0.08 ग्रॅमचा, पण दीड ए-फोर कागदाचा अख्खा पंखाच साडेसात ग्रॅमचा असतो. पंचवीस मणी म्हणजे पंख्याच्या चौथाईहून जास्त वजन एका दोऱ्यावर, आणि वारा घेताना मनगटाला ते जाणवतं. लांबीचाही विचार करावा. टोकाशी मणी असलेला 10 सेंटिमीटरचा दोरा लंबकासारखा झुलतो, एका झोक्याला सुमारे 0.63 सेकंद घेतो. पंखा हलवण्याचा ठेका याच्या जवळ आला की गोंडा भलताच उसळतो आणि पात्यांत अडकतो. दोरा 6 सेंटिमीटरवर आणला की झोका अर्ध्या सेकंदाच्या खाली येतो. आपला हात कोणत्या ठेक्यात चालतो ते आधी मोकळ्या दोऱ्याला एक मणी बांधून पाहावं, मग गोंडा कापावा.