समुद्री ईल माशांचे कूळ

नागपूरच्या मासळी बाजारात नदीतली वाम आणि किनाऱ्यावरून बर्फात आलेली वाम शेजारी ठेवली, तर दोन्ही लांबट, निसरड्या आणि एकाच जातकुळीतल्या वाटतात. मात्र नदीतल्या वामीच्या पाठीवरून शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवले, की सुट्या, बारीक काट्यांची रांग टोचते. समुद्री वामीला असे काटे मुळीच नसतात. तिचा जबडा उघडला, की टाळूच्या मधोमध मोठ्या सुळ्यांची ओळ दिसते. यांतली समुद्री वाम तेवढी खरी ईल असून नदीतली वाम निराळ्या गणातली आहे. दक्षिण अमेरिकेतील विजेचा धक्का देणारी ईलसुद्धा खऱ्या ईलपेक्षा आपल्या मागूर-शिंगाळ्यांना जवळची आहे. लांबट देह माशांच्या अनेक कुळांत स्वतंत्रपणे घडत गेला, त्यामुळे केवळ आकारावरून नाते ठरवता येत नाही.

खऱ्या ईलच्या गणात सुमारे १,००० जाती आहेत. त्यांना पोटाकडील परांची जोडी नसते आणि बहुतेकांत पाठीचा, शेपटीचा व गुदद्वारामागचा पर मिळून एकच सलग झालर बनते. पण नात्याचा सर्वांत बोलका पुरावा त्यांच्या बालपणात आहे. १८५६ मध्ये समुद्रातील एका चपट्या, पारदर्शक, कडुलिंबाच्या पानासारख्या जिवाला स्वतंत्र मासा समजून नाव दिले गेले होते. तो ईलचाच डिंभ, म्हणजे अंड्यातून निघालेले पण अजून प्रौढ रूप न घेतलेले पिल्लू आहे, हे ग्रासी आणि कालान्द्रुच्चो या इटालियन शास्त्रज्ञांनी १८९० च्या दशकात दाखवून दिले. टार्पन हा अंगावर मोठे, चकचकीत खवले असलेला मासा दिसायला ईलसारखा अजिबात नाही, तरी त्याचे डिंभ याच धाटणीचे असतात, आणि म्हणूनच १९६६ मध्ये त्याला ईलच्या जवळ आणून ठेवण्यात आले.

वैविध्याच्या दृष्टीने मोरे ईलचे कुटुंब मला सर्वांत विलक्षण वाटते. खडकांच्या कपारीत राहणाऱ्या या माशांच्या सुमारे २०० जाती आहेत. बहुतेक मासे तोंड झटकन उघडून पाण्यासोबत भक्ष्य आत ओढतात. मोरेला हे फारसे साधत नाही. २००७ मध्ये रीटा मेहता आणि पीटर वेनराइट यांनी दाखवले, की पुढच्या जबड्याने भक्ष्य धरताच घशातील दुसरा, दातेरी जबडा पुढे सरकतो आणि ते भक्ष्य अन्ननलिकेकडे खेचून नेतो. सर्पईलच्या जाती याहून अधिक असून त्यांतील अनेक टणक शेपटीने वाळूत उलट्या शिरतात, तर गार्डन ईल वाळूतून अर्धे अंग वर काढून वाहत येणारे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, टिपतात.

कुटुंबांची मांडणी अजूनही बदलते आहे. प्रशांत महासागरातील पलाऊ या द्वीपदेशाच्या एका पाण्याखालील गुहेत सापडलेल्या ईलमध्ये इतकी प्राचीन लक्षणे आढळली, की २०१२ मध्ये तिच्यासाठी नवे कुटुंब करावे लागले. गोड्या पाण्यात वाढणाऱ्या ईलचे जवळचे नातलग उथळ किनाऱ्यावरचे नसून खोल, खुल्या समुद्रातले आहेत, हेही डीएनएच्या तुलनेतूनच समोर आले आहे.